रॉबर्ट हूक: स्प्रिंगचा नियम सांगणारा शास्त्रज्ञ आणि खाली बसवलेली गाडी



अकरावीच्या भौतिकशास्त्रात स्थितिस्थापकतेचा धडा आला की रॉबर्ट हूक हे नाव येतं. त्याआधी पेशीच्या धड्यात ते एकदा येऊन गेलेलं असतं. मुलं दोन्हीकडे नाव पाठ करतात, पण हा एकच माणूस आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मीसुद्धा वर्षानुवर्षं नियम फळ्यावर लिहायचो, दोन उदाहरणं सोडवून घ्यायचो आणि पुढच्या मुद्द्यावर जायचो.

मग एक माजी विद्यार्थी भेटायला आला, हात गळ्यात बांधलेला. त्याने जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापून घेतलं. दोन महिने सगळं छान चाललं. नंतर एका पुलाच्या सांध्यावर गाडी जोरात आदळली, स्प्रिंग बैठकीतून सरकली, टायर घासून फुटला आणि गाडी दुभाजकावर गेली. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. मागच्या सीटवर धाकटी बहीण होती, तिचं खरचटण्यावर निभावलं. हाच मुलगा माझ्या वर्गात हूकच्या नियमाचं उदाहरण पैकीच्या पैकी गुण मिळवून सोडवायचा! पण वहीतली स्प्रिंग आणि गाडीतली स्प्रिंग एकच, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. ते आणून देणं माझं काम होतं.

म्हणून या वेळी नियमाच्या आधी माणूस सांगायचा असं ठरवलं. चला तर मग.

बालपण

रॉबर्ट हूक यांचा जन्म जुलै १६३५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील जॉन हूक तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. रॉबर्ट लहानपणी फार आजारी असायचा. डोकं सतत दुखायचं, त्यामुळे वडिलांनी अभ्यासाचा आग्रह सोडून दिला आणि मुलाला त्याच्या मनासारखं वागू दिलं.

मोकळा सोडलेला हा मुलगा रिकामा मात्र बसला नाही. एकदा त्याने पितळेचं जुनं घड्याळ उघडलेलं पाहिलं. घरी येऊन तसंच लाकडाचं घड्याळ बनवलं आणि ते चाललंही. कोळसा, खडू, गेरू जे हाताला लागेल त्याने चित्रं काढली. हातभर लांबीचं, शिडं-दोऱ्यांसकट एक जहाजही त्याने तयार केलं. पालकांनो, घरातली वस्तू खोलून बसलेल्या मुलाला रागावण्याआधी हा मुलगा आठवावा.

रॉबर्ट तेरा वर्षांचा असताना, १६४८ मध्ये वडील वारले. त्यांनी ठेवलेले ४० पौंड आणि थोडीफार मदत घेऊन तो लंडनला आला. पीटर लेली या नावाजलेल्या चित्रकाराकडे तो काही काळ शिकायला राहिला, पण रंगाच्या वासाने डोकेदुखी उठायची. तिथून तो वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. डॉ. रिचर्ड बझ्बी हे तिथले मुख्याध्यापक कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. पण या मुलाचं पाणी त्यांनी ओळखलं आणि त्याला घरच्यासारखं वाढवलं. हूक यांनी या गुरूंशी आयुष्यभर नातं जपलं.

ऑक्सफर्ड ते रॉयल सोसायटी

१६५३ च्या सुमारास हूक ऑक्सफर्डला गेले. पैसा नव्हता. चर्चच्या गायकवृंदात गाऊन आणि इतरांची कामं करून त्यांनी शिक्षण काढलं. तिथेच रॉबर्ट बॉइल यांच्याकडे ते मदतनीस झाले. वायूच्या दाब आणि आकारमानाचा बॉइलचा नियम आपण शिकवतो ना, त्यामागच्या प्रयोगांना लागणारा हवेचा पंप हूक यांच्या हातचा होता. हवा दाबली तर ती उलट दाबते, सोडली की पुन्हा पसरते. दाबलेली वस्तू मूळ रूपात यायला धडपडते, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासूनच होता.

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना प्रयोगांचे व्यवस्थापक नेमलं. दर आठवड्याच्या सभेत नवे प्रयोग करून दाखवायचे, हे त्यांचं काम. १६६५ मध्ये ते ग्रेशम कॉलेजात भूमितीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवा, उवा, माशीचे डोळे यांची मोठमोठी चित्रं त्यात होती. बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या रिकाम्या कप्प्यांना त्यांनी जे नाव दिलं, तेच पुढे पेशीचं नाव झालं.

बग्गीखालची स्प्रिंग

आता एक प्रसंग सांगतो. तो पाठ्यपुस्तकात नाही, पण वर्गात सांगण्यासारखा आहे.

त्या काळी घोड्यांच्या बग्गीत बसणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. बग्गीचा सांगाडा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असायचा आणि रस्ते खड्ड्यांचे. १ मे १६६५ रोजी रॉयल सोसायटीचे काही सभासद लंडनजवळ कर्नल ब्लाउंट नावाच्या गृहस्थांच्या घरी जमले. त्यांत हूक होते आणि रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेले सॅम्युएल पीप्सही होते. जेवणानंतर वेगवेगळ्या बग्ग्या चालवून पाहण्यात आल्या. एका बग्गीचं सगळं अंग एकाच लांब स्प्रिंगवर पेललेलं होतं. पाळीपाळीने सगळे तिच्यात बसले आणि ती पसंत पडली. ही नोंद पीप्स यांच्या रोजनिशीत आहे.

म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनचा प्रश्न हूक यांच्या डोळ्यांसमोर साडेतीनशे वर्षांपूर्वीच होता. आणखी गंमत म्हणजे, वाकड्या कोनातूनही फिरणं पुढे पोचवणारा एक सांधा त्यांनी वापरात आणला. मालट्रकच्या खाली फिरणाऱ्या लांब दांड्याला आजही तसाच सांधा असतो. त्याला हूकचा सांधा असंही म्हणतात.

घड्याळाचा वाद आणि अक्षरांचं कोडं

समुद्रावर जहाज नेमकं कुठे आहे हे कळायला अचूक घड्याळ हवं होतं. लंबकाचं घड्याळ डोलत्या जहाजावर चालत नाही. लंबकाऐवजी स्प्रिंग वापरावी असं हूक यांना १६६० च्या आसपासच सुचलं होतं. एकस्वाची, म्हणजे पेटंटची बोलणीही झाली. पण दुसऱ्या कुणी सुधारणा केली तर फायदा त्याला जाईल, अशी अट त्यांना दिसली. त्यांनी कागद आवरले आणि गप्प बसले.

१६७५ मध्ये हॉलंडच्या क्रिस्टियान हायगेन्स यांनी पॅरिसमध्ये स्प्रिंगवर चालणारं घड्याळ जाहीर केलं. हूक संतापले. आपली कल्पना सोसायटीच्या चिटणिसांकडून बाहेर गेली, असा त्यांनी आरोप केला. थॉमस टॉम्पियन या घड्याळजीकडून घाईने घड्याळ बनवून घेऊन ते राजाला दाखवलं. पण उशीर झाला होता. कल्पना मनात ठेवणं वेगळं आणि पूर्ण करून लोकांपुढे ठेवणं वेगळं. ही चूक त्यांना आयुष्यभर सलत राहिली.

त्यानंतर त्यांनी एक युक्ती केली. १६७६ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी स्प्रिंगचा नियम लॅटिनमध्ये, पण अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावून छापला. कुणाला काही समजेना, तरी शोधाची तारीख मात्र पक्की झाली. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये त्यांनी कोडं उलगडलं. अर्थ अगदी साधा होता: जितका ताण, तितका जोर.

हा नियम त्यांनी नुसत्या विचारातून काढला नव्हता. तारेची वेटोळी करून टांगली, खाली पारडं लावलं, एकेक वजन ठेवत लांबी मोजली. घड्याळाची स्प्रिंग घेतली, वीस-तीस फूट लांब सरळ तारा टांगल्या, लाकडाच्या पट्ट्या वाकवून पाहिल्या. सगळीकडे तेच दिसलं. वजन दुप्पट केलं की ताण दुप्पट, तिप्पट केलं की तिप्पट. आपल्या प्रयोगशाळेतल्या ताणकाट्यावरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात त्या याच कारणाने.

आता गाडीकडे वळू

समजा, गाडीच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे, म्हणजे अंदाजे ३,००० न्यूटन. स्प्रिंग अशी आहे की १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात. मग ती ३,००० ÷ २५ = १२० मिलिमीटर दबेल. मोकळी असताना तिची लांबी ३६० मिलिमीटर आणि वेटोळी ८ असतील, तर भाराखाली ती २४० मिलिमीटर राहील. (सोपं जावं म्हणून स्प्रिंग थेट चाकावर आहे असं धरलं आहे. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.)

आता एक वेटोळं कापलं. मोकळी लांबी ३१५ झाली. इथे मुलांना विचारा, स्प्रिंग नरम झाली की कडक? बहुतेक मुलं नरम म्हणतात. पण तसं नाही. तीच तार, तेवढीच जाडी, फक्त वेटोळी कमी. ताण वाटून घ्यायला भिडू कमी झाले, म्हणून स्प्रिंग कडक झाली. २५ × ८ ÷ ७ म्हणजे साधारण २८.६ न्यूटन प्रति मिलिमीटर. ती १०५ मिलिमीटर दबेल आणि लांबी राहील २१०. म्हणजे गाडी बरोबर ३० मिलिमीटर खाली आली. हवं होतं ते मिळालं!

पण किंमत बघा. आधी चाक वर जायला, रबराच्या अडवणीला टेकेपर्यंत, समजा ८० मिलिमीटर जागा होती. आता ५० उरली. धक्का गिळायची स्प्रिंगची ताकद आपण ½ × k × x² या सूत्राने काढतो. आधी ½ × २५ × ८० × ८० म्हणजे ८०,००० न्यूटन-मिलिमीटर, अर्थात ८० ज्यूल. आता ½ × २८.६ × ५० × ५०, म्हणजे जेमतेम ३६ ज्यूल. निम्म्याहूनही कमी! उरलेला धक्का रबर, सांगाडा आणि आत बसलेल्या माणसांच्या मणक्यांवर येतो. ५० मिलिमीटरमध्येच ८० ज्यूल गिळायचे तर स्प्रिंग ६४ न्यूटन प्रति मिलिमीटर इतकी कडक लागेल, म्हणजे मूळच्या अडीचपट. अशा गाडीत आजीला बसवून बघा!

दुसरी गोष्ट. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंगला उघडायला समजा ३३० मिलिमीटर जागा मिळते. मूळ स्प्रिंग मोकळी ३६० ची, म्हणून ती तेव्हाही दाबलेलीच राहते, जागा सोडत नाही. कापलेली स्प्रिंग ३१५ चीच, म्हणून ती सैल पडते आणि बैठकीतून सरकू शकते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत हेच घडलं.

मग गाडी खाली बसवणारे सगळेच वेडे का? नाही. त्यामागे खरं कारण आहे. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर कमी जातो. गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवरून ४७० वर आला, तर हे स्थलांतर साधारण ६ टक्के घटतं. फायदा आहे, पण इतकाच. काही गाड्यांमध्ये तर सस्पेन्शनच्या दांड्यांचे कोन बदलल्याने गाडी उलट जास्त कलते.

गाडी खाली बसवण्यासाठी बाजारात तयार स्प्रिंगा मिळतात, त्या कापलेल्या नसतात. त्या मुळातच आखूड आणि बेताने कडक बनवलेल्या असतात. पुष्कळदा एका टोकाची वेटोळी दाट असतात. गाडीचा भार आला की ती एकमेकांना चिकटतात, काम करणारी वेटोळी कमी होतात आणि स्प्रिंग कडक होते. चाक लोंबकळलं की तीच दाट वेटोळी उघडून स्प्रिंगला जागेवर धरतात. त्यांच्या जोडीला मेळ खाणारे शॉकअप लागतात, नाहीतर गाडी उड्या मारत राहते. चाकांचं अलाइनमेंटही पुन्हा करावं लागतं, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतो. काही जण स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापवून खाली बसवतात. ते तर सर्वात वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली की हूकचा नियमही मदतीला येत नाही.

आणखी एक. जितकं कडक आणि खाली, तितकं रेसिंगचं, असं मुलांना वाटतं. पण लोटस गाड्यांचे कर्ते कॉलिन चॅपमन हलक्या गाडीला नरम स्प्रिंगा आणि त्यांना आवर घालणारे शॉकअप देण्यासाठी ओळखले जात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही पालकांनी लक्षात ठेवायला हवं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही.

उत्तरायुष्य

पुन्हा हूक यांच्याकडे येऊ. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन जळालं. सुमारे १३,००० घरं राख झाली. शहर पुन्हा उभं करताना हूक मोजणीदार म्हणून नेमले गेले. जळालेल्या गल्ल्यांतून फिरून कुणाची जागा कुठून कुठवर, याच्या खुंट्या त्यांनी ठोकल्या. मित्र क्रिस्टोफर रेन यांच्याबरोबर त्यांनी अनेक इमारतींचं काम केलं. आगीच्या आठवणीचा २०२ फूट उंच स्तंभ आजही लंडनमध्ये उभा आहे. टांगलेली साखळी उलटी केली की उत्तम कमानीचा आकार मिळतो, हेही त्यांनीच दाखवलं.

पण स्वभाव दिवसेंदिवस कडवट होत गेला. १६७२ मध्ये प्रकाशाच्या विषयावर त्यांचा न्यूटनशी खटका उडाला. पुढे १६७९-८० मध्ये ग्रहांच्या गतीबद्दल दोघांचा पत्रव्यवहार झाला. १६८७ मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला तेव्हा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा विचार आपण आधी मांडला होता, असं हूक म्हणत राहिले. ते काही अंशी खरं होतं. पण कल्पना मांडणं आणि गणिताने सिद्ध करणं यातलं अंतर न्यूटनने पार केलं होतं. त्याच वर्षी त्यांच्या घरी राहणारी पुतणी ग्रेस वारली. हूक यांनी लग्न केलं नव्हतं. त्यानंतर ते जास्तच एकटे पडले.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, पाय सुजले. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजातल्या खोलीत त्यांचं निधन झालं. खोलीत एक पेटी सापडली, तिच्यात हजारो पौंड होते. अंगावर मात्र कंजूष माणसाचे कपडे. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचं खात्रीचं असं एकही चित्र आज उरलेलं नाही. ते न्यूटनने नष्ट केलं अशी गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. २००६ मध्ये एका घरातल्या कपाटात हूक यांच्या हस्ताक्षरातली सोसायटीच्या सभांची टिपणं सापडली, पाचशेहून अधिक पानं. सोसायटीने ती विकत घेतली.

वर्गात करून पाहा

दोन सारख्या मऊ स्प्रिंगा घ्या. एक तशीच ठेवा, दुसरी बरोबर मध्ये कापा. दोन्ही खुंटीला टांगून खाली ५०-५० ग्रॅमची वजनं वाढवत जा आणि लांबी मोजा. आलेख मुलांनाच काढू द्या. कापलेल्या स्प्रिंगची रेषा कशी बदलली, ते त्यांनीच सांगावं. शेवटी एका स्प्रिंगला मुद्दाम जास्त ओढून ती परत येत नाही, हेही दाखवा. सगळं मिळून दोन तासिका पुरतात, आणि खर्च चहापाण्याइतकाच.

माझा तो विद्यार्थी आता बरा आहे. गाडीला मूळ स्प्रिंगा बसवून घेतल्या. गेल्या महिन्यात मी त्याला वर्गात बोलावलं. कापून फेकलेलं ते वेटोळं त्याने जपून ठेवलं होतं, ते घेऊन आला. मुलांच्या हातात दिलं. सूत्र मी फळ्यावर लिहिण्याआधीच मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, सर, मग कापल्यावर ही कडक झाली असेल ना?

मी खडू खाली ठेवला आणि त्यालाच पुढे बोलावलं.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि गाडीचं वेड असलेल्या मुलांना जरूर वाचायला द्या.